साठच्या स्पीडला गाडी थरथरते, म्हणून गिअरबॉक्स गेला?

(हा एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलतानाची अडखळ थोडी गाळली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावले असतील तर आरामात बसा. आणि जे गाडी चालवता चालवता ऐकतायत, त्यांनी फोन हातात घेऊ नका, नुसतं ऐका.

आजचा विषय ऑटोमॅटिक गाडीतल्या टॉर्क कन्व्हर्टरचा. मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो: "दादा, गाडी पन्नास-साठला थरथरते, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, काय करू?" याचं उत्तर मला पाठ आहे, कारण ते मी घरच्याच गाडीवर शिकलोय. ही गोष्ट इतके दिवस सांगायची टाळत होतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. आज सांगतो.

माझी मोठी बहीण, ताई, सिन्नरच्या बाजूला एका शाळेत शिकवते. आम्ही राहतो नाशिकला. जाऊन-येऊन रोज साधारण साठ किलोमीटर. काही वर्षांपूर्वी तिचा टू-व्हीलरवर अपघात झाला आणि डाव्या पायाच्या घोट्यातली ताकद गेली. चालते ती व्यवस्थित, पण क्लच दाबता येत नाही. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी ही तिच्यासाठी हौस नाही. ती गाडी आहे म्हणून ती सकाळी सात वाजता कुणाला न विचारता घराबाहेर पडू शकते. गाडी सेकंडहँड घेतली होती, ६२ हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात गाडीपेक्षा आमचा हलगर्जीपणा जास्त होता.

तीन वर्षं काही त्रास नाही. मग एका पावसाळ्यात ताई म्हणाली, "अरे, गाडीला मध्येच हुडहुडी भरल्यासारखं होतं बघ. शिंदे टोलनाका गेला की सुरू होतं." मी एक चक्कर मारून आलो, गंगापूर रोडपर्यंत, दहा मिनिटं. काही जाणवलं नाही. म्हटलं, "पेट्रोलमध्ये पाणी असेल, टाकी संपव, दुसऱ्या पंपावर भर." आणि विसरून गेलो. ही माझी चूक. दोन महिने ती तशीच चालवत राहिली.

दोन महिन्यांनी वर्कशॉपला नेली. त्यांनी आधी स्पार्क प्लग आणि एक इग्निशन कॉइल बदलली. फरक नाही. मग इंजिनाचं माउंटिंग बदललं. फरक नाही. मग शांतपणे सांगितलं, "मॅडम, गिअरबॉक्स असेंब्लीच बदलावी लागेल." एस्टिमेट १ लाख ८५ हजार. गाडीची बाजारातली किंमत तेव्हा साडेचार लाख. ताईने फोन करून एवढंच विचारलं, "विकून टाकू का रे? एसटीने जाईन." ती असं सहज म्हणाली, पण सिन्नरच्या स्टँडवरून शाळेपर्यंत ती रोज कशी जाणार होती ते मला माहीत होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बसून विचार केला. डिप्लोमाला शिकलेलं सगळं परत काढलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

पण त्याआधी तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का ते बघा. आपल्याकडे "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक घरोघरी पोचली. पण एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गाडीच. नेहमीची क्लच प्लेट, नेहमीचे गिअर, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. बऱ्याच एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर पी म्हणजे पार्किंगची जागा नसते, ही एक सोपी खूण. ड्युअल क्लचवाल्या गाड्यांमध्येही सहसा कन्व्हर्टर नसतो. इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक किंवा २०२२ नंतरच्या ब्रेझाची सहा गिअरची ऑटोमॅटिक, यांच्यात असतो. आणि सीव्हीटीवाल्यांनो, तुम्हीही ऐका, कारण काही सीव्हीटींच्या पुढेही कन्व्हर्टर बसवलेला असतो. एएमटी थरथरत असेल तर तिची कारणं वेगळी, त्यावर वेगळा एपिसोड करू.

आता हा टॉर्क कन्व्हर्टर आहे तरी काय?

घरातले दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याचं बटण बंद. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरायला लागतात. मध्ये वायर नाही, पट्टा नाही, फक्त हवा. आता हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही फॅन एका बंद, गोल, डोनटच्या आकाराच्या डब्यात कोंबा. इंजिनाने फिरणारा फॅन म्हणजे पंप. गिअरबॉक्सला जोडलेला फॅन म्हणजे टर्बाइन. सिग्नलला तुम्ही डी मध्ये ब्रेक दाबून उभे असता तेव्हा इंजिन बंद पडत नाही ते याचमुळे. पंप फिरत असतो, टर्बाइन थांबलेली असते, तेल मधल्या मध्ये घुसळत असतं. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकायला लागते, तीही याच तेलाच्या ढकलण्यामुळे.

खरी गंमत या दोघांच्या मध्ये आहे. तिथे तिसरं, छोटं चक्र असतं, स्टेटर. टर्बाइनला धडकून परत येणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि पंपालाच अडवायला बघतं. स्टेटर त्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे तेच तेल पंपाला मदत करायला लागतं. यातून इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, जागेवरून निघताना साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळते. म्हणून तर याचं नाव कन्व्हर्टर. गाडीने वेग घेतला की स्टेटरची गरज संपते आणि तो तेलाबरोबर मोकळा फिरायला लागतो. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला मोकळा, अगदी सायकलच्या फ्रीव्हीलसारखा.

ही कल्पना मुळात गाडीसाठी नव्हतीच, जहाजासाठी होती. हेरमान फ्योटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात काम करायचा. ते स्टेटिन आज पोलंडमध्ये आहे. वाफेची टर्बाइन प्रचंड वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा हळू फिरायला हवा, हे जमवायला त्याने १९०५ मध्ये तेलातून ताकद पोचवण्याचं पेटंट घेतलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत ब्युइकने डायनाफ्लो गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर वापरला. लोकांना ती गुळगुळीत चाल आवडली, पण पेट्रोल जास्त प्यायची, कारण तेलातून ताकद पोचवताना थोडी घसरण होतेच आणि ती उष्णता बनून वाया जाते. १९४९ मध्ये पॅकार्डने त्यावर उपाय काढला: वेग जमला की दोन्ही फॅन सरळ एकमेकांना जोडून टाकायचे. त्यासाठी कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवला. त्याला म्हणतात लॉक-अप क्लच.

ताईच्या गाडीचा सगळा घोळ इथे होता. आणि माझा अंदाज, तुमच्यापैकी ज्यांची गाडी पन्नास ते ऐंशीच्या मध्ये, हलक्या रेसवर थरथरते, त्यातल्या पुष्कळ जणांचाही इथेच असेल.

जुन्या गाड्यांमध्ये लॉक-अप क्लच एक तर पूर्ण लागायचा नाही तर पूर्ण सुटायचा. आताच्या गाड्यांमध्ये पेट्रोल वाचवायला तो खूप लवकर लागतो, आणि झटका बसू नये म्हणून मुद्दाम जरा घसरत ठेवतात. म्हणजे त्या क्लचचं अस्तर तासन् तास तेलात हलकं घासत असतं. तेल चांगलं असेल तर ते लोण्यासारखं घासतं. तेल जुनं झालं, जळलं, त्यातलं घर्षण सांभाळणारं रसायन संपलं, की क्लच चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, सेकंदाला कितीतरी वेळा. खडू फळ्यावर कधी कधी किंचाळतो ना? तोही हेच करत असतो. ताईला हे उदाहरण दिलं तेव्हा ती म्हणाली, "मग खडू मोडून अर्धा करावा लागतो." तसा सोपा उपाय इथे नाही, पण रोग ओळखायला सोपा आहे.

थरथर कशी असते ते लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं, दोन-तीन सेकंद, मग गायब. परत रेस हलकी धरली की परत. जोरात रेस दिली तर येत नाही, कारण तेव्हा कॉम्प्युटर लॉक-अप सोडून देतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तेल गरम झाल्यावर येते. मी दहा मिनिटांची चक्कर मारली तेव्हा मला काही जाणवलं नाही, ते याचमुळे. ताईला ती शिंदे टोलनाक्यानंतर यायची, वीसेक मिनिटं गाडी चालल्यावर. वर्कशॉपवाला थंड गाडी घेऊन गल्लीतून फिरून येतो आणि "काही प्रॉब्लेम नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला म्हणा, अर्धा तास माझ्याबरोबर बसा.

आता ती फुकटातली टेस्ट. रिकामा, सरळ रस्ता, मागे गाडी नाही, शेजारी दुसरं माणूस बसलेलं. गाडी गरम झालेली. साठच्या आसपास हलक्या, स्थिर रेसवर थरथर सुरू झाली की उजवा पाय रेसवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा. ब्रेक लागायला नको, फक्त मागचा लाल दिवा लागेल इतकंच. ब्रेकचा स्विच दबला की बहुतेक गाड्यांमध्ये लॉक-अप लगेच सुटतो. त्याच क्षणी थरथर बंद झाली आणि आरपीएमचा काटा थोडा वर सरकला, तर बोट लॉक-अप क्लचकडे जातं. थरथर तशीच राहिली तर शोध दुसरीकडे. दोन सूचना. डावा पाय ब्रेकवर ठेवायची सवय नसते, तो जोरात पडतो, म्हणून रहदारीत हे अजिबात करू नका. आणि काही नव्या गाड्यांमध्ये दोन्ही पेडल एकत्र दाबली की कॉम्प्युटर इंजिनाची ताकदच कापतो, तिथे ही टेस्ट फसवते. अशा गाडीत मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या. थरथर तिथे संपते का बघा, पण ते पक्कं लक्षण मानू नका.

ताईला हे करता येणार नव्हतं, म्हणून मी चालवत होतो आणि ती शेजारी. मोहदरी घाटाच्या अलीकडे थरथर सुरू झाली. ब्रेकला पाय लावला. बंद. उचलला. दोन सेकंदांनी परत सुरू. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. ताई म्हणाली, "म्हणजे प्लग उगाच बदलले?" हो, उगाच बदलले.

प्लगचा संशय मुळात मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगतो. इंजिनाचा मिसफायर आणि लॉक-अपची थरथर बाहेरून सारखीच वाटते. फरक असा की मिसफायर लोड वाढला की वाढतो, चढावर जोरात रेस दिली की गाडी ठेचकाळते, आणि बऱ्याचदा चेक इंजिनाचा दिवा लुकलुकतो. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर थरथर फक्त वेगावर अवलंबून असते, रेस सोडली तरी राहते आणि स्टिअरिंगमध्ये जाणवते. एवढं ओळखायला आले असते तर आमचे प्लग-कॉइलचे पैसे वाचले असते.

पुढचा टप्पा स्कॅनर. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा इंजिनाचे कोड वाचतो पण गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. म्हणून "कोड काहीच नाही" याचा अर्थ "दोष काहीच नाही" असा घेऊ नका. सातपूरच्या बाजूला एका छोट्या गॅरेजमध्ये एक उस्ताद आहेत, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करतात. त्यांच्या मशीनवर पी ०७४१ दिसला, दिवा न लागलेला, पेंडिंग. हा कोड सांगतो की कन्व्हर्टरचा क्लच कॉम्प्युटरला हवा तसा लागत नाहीये. तो कन्व्हर्टर बदला असं सांगत नाही. क्लचला दाब सोडणारा सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, वायरिंग, तेल, यातलं काहीही असू शकतं. उस्तादांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन मला गाडी चालवायला लावली आणि इंजिनाचे फेरे आणि टर्बाइनचे फेरे शेजारी शेजारी दाखवले. लॉक लागल्यावर दोघांतलं अंतर कमी आणि स्थिर राहायला हवं. आमचं अंतर वर-खाली नाचत होतं.

मग त्यांनी गॅरेजमध्ये स्टॉल टेस्ट केली. चाकांना अडण्या, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये पूर्ण रेस, आणि इंजिन किती आरपीएमवर अडतं ते बघायचं. पाच सेकंदांच्या वर नाही, कारण इंजिनाची सगळी ताकद तेव्हा तेल तापवण्यात जाते. ही टेस्ट घरी करू नका, प्लीज. गाडी सुटली तर समोरची भिंत आणि माणूस दोन्ही जातील. आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा खूप वर गेला तर गिअरबॉक्सचे आतले क्लच घसरतायत, खूप खाली राहिला तर स्टेटरचं फ्रीव्हील घसरतंय किंवा इंजिनच अशक्त आहे. ताईच्या गाडीचा आकडा बरोबर आला. उस्ताद म्हणाले, "गिअरबॉक्स मेलेला नाही. त्याच्या तोंडाशी बसलेला डबा आजारी आहे." १ लाख ८५ हजार आणि डबा यात किती फरक आहे ते त्या क्षणी कळलं.

आता तेलाबद्दल. उस्तादांनी विचारलं, "एटीएफ कधी बदललं?" ताईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पुस्तिकेत नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते नव्हतं, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले होते "लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही". कोणाचं लाइफटाइम? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. जगभर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांत तेल बदला असं सांगते. आपल्याकडचं ऊन, ट्रॅफिक आणि घाट धरले तर मी स्वतः ६० हजारांच्या पुढे थांबत नाही. हे माझं मत आहे, तुमची पुस्तिका आधी बघा.

ताईच्या गाडीने तेव्हा १ लाख ४ हजार ओलांडले होते. बाहेर आलेलं तेल लाल नव्हतं, काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपलेला वास येत होता. ऑइल पॅनमधल्या लोहचुंबकावर बारीक करड्या रंगाचा लेप होता, तो चालतो. चमकणारे कण किंवा तुकडे असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

इथे एक हिशेब समजून घ्या. खालचा बोल्ट उघडून तेल सोडलं तर सगळं निघत नाही. निम्म्याच्या आसपास कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं तर अर्धं नवं, अर्धं जुनं. काही दिवस चालवून परत बदललं तर तीन भाग नवं. म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी दोन-तीनदा बदलायचं. मशीनने दाब देऊन एकदम फ्लश करणं मला जुन्या, दुर्लक्षित गिअरबॉक्ससाठी आवडत नाही. आणि "जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो" हे जे ऐकता, त्यात माझ्या मते कारण उलटं आहे. लोक गिअर घसरायला लागल्यावरच तेल बदलायला जातात, तो आधीच जायला निघालेला असतो.

तेल कोणतं, यात काटकसर नको. लाल रंग सगळ्यांचा सारखा दिसतो म्हणून तेल सारखं नसतं. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, डेक्स्रॉन ६, ही वेगवेगळी आहेत, आणि सीव्हीटीचं तर पूर्णच वेगळं. चुकीच्या तेलाने चांगला लॉक-अपसुद्धा थरथरायला लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकही नसते. इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ठरावीक अंशांवर आलं की लेव्हलचा प्लग उघडून बघायचं असतं. जो मेकॅनिक तापमान न बघता "झालं" म्हणतो, त्याने लेव्हल मोजलेली नाही.

तर आमच्या गाडीचं तेल दोनदा बदललं. थरथर गेली! मी घरी पेढे आणले, खरंच. पाच आठवड्यांनी ताईचा फोन, "अरे, परत हुडहुडी." आधीइतकी नाही, पण होती. उस्तादांनी मला समोर बसवून सांगितलं, "तेल खराब असतानाच आला असतात तर तेलावर भागलं असतं. तुम्ही नंतरही चालवत राहिलात, अस्तर काचेसारखं झालं असणार." ते दोन महिने. टाकी संपव म्हणणारा मी.

मग कन्व्हर्टर काढला. त्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, बिलातला मोठा भाग मजुरीचा असतो तो याचमुळे. कन्व्हर्टर हा वेल्डिंग केलेला बंद डबा, तो लेथवर कापून उघडतात. आत अस्तर खरोखर चकचकीत आणि एका कडेला काळं पडलेलं. नवं अस्तर चिकटवलं, बेअरिंग बदलली, स्टेटरचं फ्रीव्हील तपासलं, परत वेल्डिंग, हवेने गळती बघितली, बॅलन्स केलं. सोलेनॉइड तपासला, तो ठीक होता. कूलर धुतला, नाहीतर जुना चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये जातो. बसवताना उस्ताद कन्व्हर्टर हाताने फिरवत कान लावून होते. एकेक खाच बसल्याचा "खट्" आवाज येतो. तो पूर्ण न बसवता बोल्ट आवळले तर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फुटतो. शेवटी लॅपटॉपवरून गिअरबॉक्सने जुन्या क्लचप्रमाणे शिकलेल्या सवयी पुसल्या. तेल, सील, मजुरी सगळं धरून ५१ हजार.

हा झाला एक आजार. बाकीचे पटकन सांगतो, कारण ते कमी दिसतात.

सिग्नलला थांबताना इंजिन गचकन बंद पडतंय, मॅन्युअलमध्ये क्लच न दाबता थांबल्यासारखं? तर लॉक-अप सुटत नसेल. जागेवरून निघताना गाडी अगदी मरगळलेली पण हायवेवर ठीक? स्टेटरचं फ्रीव्हील दोन्हीकडे मोकळं झालेलं असू शकतं, मग टॉर्क वाढतच नाही. निघताना ठीक पण वर वेग घेत नाही आणि तेल तापतंय? तोच स्टेटर जाम झालेला असू शकतो. डी मध्ये खडखडाट आणि एन मध्ये शांत असेल तर कन्व्हर्टरचं बेअरिंग किंवा त्याला इंजिनाशी जोडणारी पातळ प्लेट बघायला सांगा. त्या प्लेटला तडा गेला किंवा बोल्ट ढिला झाला तर आवाज इतका भयंकर येतो की लोक इंजिन उघडून बसतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून लाल तेल गळतंय? बहुतेक कन्व्हर्टरच्या गळ्याचं सील.

आणि पाणी. क्लचच्या अस्तराला पाण्याचा तिटकारा आहे. काही गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतूनच थंड होऊन येतं. तिथे आतून फुटलं तर कूलंट तेलात मिसळतं आणि तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसतं. तसं दिसलं तर गाडी चालू करू नका, टो करा. पुरात बुडालेल्या गाडीतही हवेच्या नळीतून गिअरबॉक्समध्ये पाणी जाऊ शकतं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, आपण बघितलंय. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना सीटखालचा गंज आणि एटीएफचा रंग, दोन्ही बघा.

टो वरून आठवलं. ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद ठेवून दोरीने ओढत नेऊ नका. गिअरबॉक्सचा तेलाचा पंप कन्व्हर्टरवरून फिरतो, म्हणजे इंजिन बंद तर तेल बंद. चाकं फिरत राहतात आणि आत सगळं कोरडं. फ्लॅटबेड मागवा. चढावरच्या ट्रॅफिकमध्येही रेसवर गाडी तोलून धरायची सवय सोडा, ब्रेक दाबा. कसाऱ्याला रविवारी संध्याकाळी अर्धा तास असं तोलत बसलात तर तेल उकळायला वेगळं काही लागत नाही.

वर्कशॉपने "गिअरबॉक्स बदला" म्हटलं तर भांडू नका, विचारा. कोणता कोड आला, लिहून द्या. तेल काढून दाखवलंत का? गरम गाडीवर माझ्यासमोर चालवून बघितलंत का? लॉक-अप सुटल्यावर थरथर थांबते का? ज्याने काम केलंय तो दोन मिनिटांत उत्तरं देतो. ज्याने नाही केलं तो तुम्हाला चहा पाजतो. आम्ही दोन कप प्यायलो होतो.

गाडी आता १ लाख ३१ हजारांवर आहे. ताई अजून तीच चालवते. एटीएफ कधी बदललं त्याचा कागद तिने ग्लोव्ह बॉक्सवर चिकटवलाय, शाळेतल्या हजेरीच्या वळणदार अक्षरात, खाली तारीख आणि किलोमीटर. आणि मध्ये एकदा टायरचा आवाज आला तेव्हा तिने मला फोन केला नाही, सरळ उस्तादांना केला. बरोबरच आहे.

तुमच्या गाडीत असं काही होत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण त्यात चार गोष्टी सांगा: स्पीड किती, गाडी गरम की थंड, रेस हलकी की जोराची, आणि तेल कधी बदललं. नुसतं "दादा, आवाज येतो" पाठवलंत तर मी परत पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणेन. पुढच्या वेळी एएमटी. भेटू.